शंभराला दोन

मक्याचा भरडा साठ किलो,
सोयापेंड वीस,
भाताचा कोंडा, मीठ, जरा मळी,
आणि शेवटी ही पांढरी पूड :
शंभराला दोन.

पोत्यावर कंपनीचं मोठं नाव,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत सिन्नर.
मला हसूच आलं.
सिन्नरचा दगड
पोत्यात शिवून, वर पावती फाडून
कुणी विकावा तर मला,
वडाराच्या पोरीला!

अप्पा मुसळगावच्या खाणीत
सुरुंगाची भोकं मारायचा.
काळ्या दगडाच्या पोटात कधीमधी पोकळी लागे,
आत गव्हाच्या पेंढ्या बांधून ठेवल्यासारखे
गुलाबी, पांढरे खडे.
चांगला तुकडा मुकादमाचा,
फुटका अप्पाचा.
फुटका घरी यायचा, चुलीत जायचा.
बघा रे, दगड उकळतोय, अप्पा म्हणायचा.
आणि खरंच
तो फुगायचा, पापुद्रे सोडायचा, फसफसायचा.
आई करवादायची,
भाकरी भाजू का तुझी जादू बघू?

जादू नाही, यल्लूबाई,
जनावरांच्या दवाखान्यातल्या पगारे मॅडम म्हणाल्या,
ह्या दगडाला आतून घरं असतात.
दिसणार नाहीत इतकी बारीक.
तापवला की त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं,
घरं रिकामी.
मग डुकराच्या आतड्यातला अमोनिया
तिथं भाड्यानं राहायला येतो.
हगवण आटोक्यात, वास कमी.

मी नुसत्या सांगण्यावर जाणारी नाही.
पाथर्डी गावाबाहेरच्या माझ्या शेडात
दोन कप्पे केले.
सात पिल्लं इकडं, सात तिकडं,
सगळी पंधरा किलोच्या आसपास,
पाठीवर निळ्या रंगाचे पट्टे.
दर रविवारी हणमा गोणपाटाची झोळी धरतो,
पिल्लू आत, काटा आढ्याला,
आणि जीव घेतल्यासारखा कल्ला.
अजून कुणी घेतला नाही रे तुझा, मी त्याला सांगते,
आणि वहीत आकडा मांडते.

नवव्या रविवारी
पूड खाणारी सरासरी सेहेचाळीस,
न खाणारी साडेत्रेचाळीस.
शेण म्हणाल तर घट्ट,
खराट्याला चिकटत नाही.
फक्त एक, डाव्या कानाला फाटलेलं,
बिनपुडीचं, सगळ्यांच्या पुढं :
पन्नास.
तेही लिहिलं.
खोडणार होते, नाही खोडलं.

पलीकडच्या सोसायटीतून
नाकाला रुमाल लावून अर्ज यायचे.
या महिन्यात एकही नाही.
दगडाचा गुण असेल,
किंवा पांडवलेण्याकडून वारा फिरला असेल,
किंवा त्यांचे सेक्रेटरी गावाला गेले असतील.

रुमाल मीही लावते,
ओला, दुहेरी, पूड ओतताना.
अप्पाचा रुमाल घामापुरता होता.
सिव्हिलमधल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला,
फासळ्यांच्या आत सगळं
ह्या पोत्यासारखं पांढरं.
तिथं शंभराला किती, कुणी मोजून घातलं नव्हतं.

एक तुकडा राहिलाय त्याचा,
औषधाच्या बाटल्यांमागं, फळीवर.
मुंबईचा एक व्यापारी सातशे म्हणाला होता.
परवा पूड संपत आली तेव्हा
मी तो खलबत्त्याशेजारी नेऊन ठेवला,
हातात बत्ता घेतला,
आणि मग हणमाला पाठवलं
नवीन पोतं आणायला.

हिशेब तसा सोपा आहे.
अडीच किलो गुणिले सात,
त्यातून पाव पोत्याचे पैसे वजा.
फायद्यातच आहे मी.

प्रश्न त्या फाटक्या कानाचा.
उद्यापासून सगळ्यांना पूड चालू,
असं ठरवून टाकलंय.
आणि ते गव्हाणीत पाय घालून उभं,
माझ्याकडं बघतंय,
की मला बाई कशाला?