पुसणावळ

आधी गाडी सावलीत घे, ड्वेन.
उन्हात तापलेल्या पत्र्यावर काही पुसू नये.
तापलेला पत्रा आणि तापलेलं माणूस,
दोघंही नको ते सोडून बसतात.

हो, मीच ओढले होते हे पट्टे.
शहात्तर सालचा तपकिरी पिकअप,
त्यावर मोहरीच्या रंगाची जाड रेघ, सायीच्या रंगाची बारीक,
दिव्यापाशी निघून, दारावरून,
मागच्या चाकाला वळसा घालून शेपटीशी संपणारी.
मौमी नदीच्या या काठाला तेव्हा चार गॅरेजं होती
आणि रेघ ओढणारी बाई एकच:
इलोन्का सबादोश. पाटीवर नाव मात्र नवऱ्याचं.
तुझा बाप काचेच्या कारखान्यात, संप चालू,
खिशात दमडी नाही आणि गाडीला पट्टे हवेत.
मजुरीऐवजी त्यानं आरसा दिला.
अजून न्हाणीघरात आहे,
म्हातारी मी त्यातच झाले.

नाही, थिनर नको. ठेव तो डबा खाली.
थिनरला माझा रंग आणि कंपनीचा रंग ओळखू येत नाही,
दोन्ही खातो.
हे सौम्य द्रावण घे, फडक्यावर, गाडीवर नाही.
आधी दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही तिथं.
फडक्यावर मोहरी आली, चांगलं.
तपकिरी आली तर थांबायचं.
तपकिरी आली की मग सगळेच हात जोडतात,
पण उपयोग नसतो.

वीतभर पुसायचं. साठ आकडे मोजायचे.
मी आईच्या भाषेत मोजते, हंगेरियनमध्ये,
ती भाषा आता मोजण्यापुरतीच उरली आहे.
मग प्लास्टिकची पाती, आडवी, जवळजवळ निजलेली.
लोखंडाची नको.
कोपऱ्यात नख.
नखासारखं हत्यार अजून दुकानात आलेलं नाही.

माझ्या हाताकडे बघतोस. थरथरतो, खरं आहे.
नऊ वर्षं झाली कुंचला धरून.
खारीच्या केसांचा होता, तलवारीसारखा,
श्वास रोखून एका दमात दारापर्यंत न्यायचे.
ओढायला स्थिर हात लागतो, बाबा.
काढायला थरथरता चालतो.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं
तर इतकी घाबरले नसते.

गिऱ्हाइकाला साधी गाडी हवी म्हणतोस.
असेल. मी विचारलं नाही
आणि तूही सांगू नकोस.

आता साबणाचं पाणी, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर,
ओला, ओलाच राहू दे,
एकाच दिशेनं. गोल गोल घासशील
तर ऊन पडल्यावर प्रत्येक गोल दिसेल.

बघ.

नाही, राहिलेली रेघ नाही ती.
हात फिरवून बघ, काही लागतं का?
आजूबाजूला सत्तेचाळीस उन्हाळ्यांनी विटलेली तपकिरी,
आणि पट्ट्याखाली झाकून राहिलेली ही,
शोरूममधून निघाली त्या दिवसाची.
तुझ्या बापानं पाहिला तो रंग हा.
तू कधी पाहिलाच नव्हतास.

मिटवता येईल, का नाही.
दोन दिवस पॉलिश केलं की बाकीचा पत्रा उजळत याच्या जवळ येईल.
वेगळे पैसे पडतील.
विचार कर, घाई नाही, मी कॉफी ठेवते.

आणि हे इथं, मागच्या चाकाजवळ, दिसतंय?
रेघ जरा हलली आहे. केसभर.
मालगाडी गेली होती मागून, पिंप हललं,
मी वरून एक गिरकी काढून झाकलं,
तुझा बाप म्हणाला, ही गिरकी सगळ्यात छान.
तेव्हापासून गप्प होते.

एवढी जागा पॉलिश करू नकोस.
बाकीचं तुझं तू ठरव.

किती झाले म्हणतोस?
ओढायला घेतले असते त्याच्या दुप्पट.
हसू नकोस.
आरसा चालणार नाही.