हवा काढताना

कायतानची गाडी तीन चाकांची.
पुढचा अर्धा पायलटचा, मडगार्ड अजून पिवळं,
मागचा अर्धा भंगारात निघालेल्या रिक्षाचा,
मधलं वेल्डिंग माझं,
म्हणून दोषही माझाच.

"च्यारी, मागचा ब्रेक लागत नाही रे," तो म्हणाला,
आमटी अळणी झालीय म्हणावं तसं.

मग फिलोमेनाने सांगितलं.
चोडणच्या धक्क्यावर, ओहोटीला,
उतारावर हिरवं शेवाळ, मागे सोड्याचे सहा क्रेट.
पुढचा ब्रेक दाबला तर पुढचं चाक थांबलं
आणि थांबल्या जागेवरून सरकत राहिलं.
मागून ओझं ढकलत होतं,
बोहोल्यावर चढायला लाजणाऱ्या नवऱ्याला ढकलतात तसं.
फेरीवरच्या शाबाने धावत येऊन गुटका मारला चाकाखाली.
पुढचं टायर पाण्यात, हातभर.
तेव्हापासून शाबा तो गुटका जपून ठेवतो.
त्याला नावही पडलंय : कायतानचा गुटका.

मी ड्रम उघडले.
डावा लायनर ॲक्सलच्या तेलात बुडालेला,
उजवा आरशासारखा चकचकीत,
त्यात माझं तोंड दिसलं.
एक झिंगलेला, एक नुसता नटलेला,
आणि दोघांना मिळून मी दिलेला रॉड एकच.
तेव्हा घाई होती.
वाटलं होतं, चालता पाय एक, तर रॉड एक.

उजवा पाय गुडघ्याखाली ऐकत नाही त्याचा.
पेडलवर ठेवतो तो, चपलेसकट,
देवापुढे नारळ ठेवावा तसा.

आधी मोटरसायकलचाच मास्टर सिलिंडर लावून पाहिला.
घोटभर तेल, दोन घरांत वाटायचं,
दांडा टोकाला जाऊन टेकला, चाकं फिरत राहिली.
मग डिचोलीच्या भंगारातून रिक्षाचा आणला, पेट्रोलने धुतला,
नवे रबर, नवे लायनर, ॲक्सलला नवं सील,
आणि टाकीच्या डावीकडे दांडा, चांगला कोपरभर लांब.
पायाचं काम हाताला द्यायचं
तर हाताला लांबी द्यावी लागते.

उरली हवा.
तेल दबत नाही, हवा दबते, एवढंच शास्त्र.
पाइपात चिमूटभर हवा असली
तरी माणूस जीव खाऊन दाबतो
आणि चाकाला कळतच नाही.

फिलोमेना दांड्यावर, मी चाकाखाली उताणा,
निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक रिकाम्या सोड्याच्या बाटलीत.
दाब.
दाब.
धर. सोडू नकोस.
मी पाना पाव फेरा फिरवतो, बुडबुडे येतात,
पाना आवळतो.
आता सोड.
दाब.

"त्या दिवशी मागे मी बसले होते,"
ती मध्येच म्हणाली.
"मीच म्हटलं होतं, पाय, जोरात ने, पेपर चुकेल."

धर, मी म्हटलं.
बाहेर फळीवर कायतान विडी शिलगावत होता,
काडी ओढायचा आवाज आला नाही.
नळीत एक मोठा बुडबुडा आला,
डोळ्याएवढा,
आणि त्याच्यामागे नुसतं तेल, अखंड.

आता सोड, मी म्हटलं.
तिने बराच वेळ सोडलं नाही.

संध्याकाळी तिघे धक्क्यावर.
पुन्हा ओहोटी, पुन्हा शेवाळ, सहा क्रेट भरलेले.
मी मुद्दाम वरच उभा राहिलो,
आपल्या हाताची परीक्षा जवळून बघू नये.
कायतान उतरला, अर्ध्यावर दांडा ओढला.
एकशे चव्वेचाळीस बाटल्या एकदाच किणकिणल्या
आणि गप्प झाल्या.

गाडी उतारावर उभी. मांडवी खाली, आपली आपली.
शाबा गुटका घेऊन धावत आलेला,
वाकला, चाकाकडे बघितलं, सरळ झाला.
त्याला कळेना हातातल्या लाकडाचं काय करायचं.

"घाल रे घाल," कायतान म्हणाला,
"त्यालाही सवय झालीय."

पैशांचं विचारलं नाही मी, त्यानेही काढलं नाही.
घरी आलो तर खिशात सोड्याची गोटी,
कुणी टाकली ठाऊक नाही.