दातातली खाच

खडेबाजारात जिना चढून दातांचा दवाखाना.
डॉक्टरीण बागलकोटकडची, मराठी जपून बोलते,
वाळत घातलेल्या पापडांमधून वाट काढावी तशी.
आरशाची काडी माझ्या तोंडात घालून थांबली.
"आजोबा, वरच्या दातांना ही खाच कसली?
सुतळी तोडत होता काय?"
तोंड उघडं, सांगता येईना.
दोन्ही हातांची बोटं छातीसमोर हलवून दाखवली.
तिला वाटलं, सनई.

क्लॅरनेट, बाई. त्रेचाळीस वर्षं.
वरचे दोन दात काळ्या चोचीवर टेकवायचे,
खालचा ओठ दुमडून पत्तीखाली
गादीसारखा अंथरायचा,
आणि श्वास सोडायचा नाही, खर्चायचा,
महिनाअखेरीला पैसे मोजावेत तसा.

कलमेश्वर ब्रास बँड, वडगाव.
लाल कोट, पितळी गुंड्या, खाली ज्याची त्याची पँट.
वैशाखात कडोली, उचगाव, येळ्ळूर,
मार्गशीर्षात घटप्रभेपलीकडे.
मालकाच्या वहीत डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कानडी,
बिदागी दोन्हीकडे तेवढीच कमी.
गाडीवर एका अंगाला एका लिपीत नाव,
दुसऱ्या अंगाला दुसऱ्या.
गाव बघून गाडी लावायचो.

बैलहोंगलला एकदा नवरी निघताना
मी जे वाजवत होतो
त्यातला एक शब्द मला कळत नव्हता.
तिच्या बापानं माझा दंड धरला आणि रडून घेतलं.
नेमका उजवा दंड.
तीन सूर गेले.
ते तीन मला अजून आठवतात, वाजलेले आठवत नाहीत.

पहिला दात हलला तेव्हा सुराला कंप सुटला.
सिद्राय ढोल काखेत सरकवून म्हणाला,
"काय गा भरमाण्णा, म्हातारपणी गमक शिकलास?"
सगळे हसले. मीही हसलो,
तोंडावर हात ठेवून.
त्या मोसमात वरची पट्टी दुसऱ्याला दिली,
पुढच्या मोसमात मधलीही.
नंतर नुसता रांगेत चालायचो,
बोटं हलवत, गाल फुगवून,
लग्नघरात कोण बघतंय.
सिद्रायला कळत होतं. त्यानं ढोल जरा जोरात धरला.

काढलेले दात बाईनं कापसात दिले.
"टाकू?"
नको म्हणालो.
पेटीत पत्त्या ठेवायचा खण असतो, त्यात ठेवले.

आता कवळी आहे. भाकरी कुस्करून जाते.
फक्त 'स' म्हणताना शिट्टी निघते.
बायको म्हणते, साखर म्हणू नका, गोड म्हणा.

हुक्केरीच्या भजंत्रींची शिवलीला
बसनं आली, पेटी घेऊन गेली.
पैसे देत होती. मी म्हटलं, सुट्टे नाहीत.
ती गेल्यावर किल्ला तलावावर गेलो,
भाजलेलं कणीस घेतलं, सवयीनं,
दोन्ही हातांत धरलं, आणि बसून राहिलो.
बोटांखाली दाणे गरम होते.
कणीसवाली म्हणाली, गार होतंय की.

रात्री फोन आला.
"अज्जा, पेट्टिग्याग हल्लु अदाव!"
पेटीत दात आहेत म्हणे. घाबरलेली.
असू देत, म्हणालो.
शिट्टी वाजली.
ती गप्प झाली, मग पलीकडून
पत्ती ओली केल्याचा बारीक आवाज,
आणि एकदम बदकाची मान पिरगळल्यासारखं काहीतरी.
ओठ, म्हणालो, खालचा ओठ दुमड.
कानडीत दुमडणं म्हणजे काय,
इतकी वर्षं त्या गावांतून वाजवत हिंडलो,
कधी लागलंच नव्हतं.
म्हणून फोनसमोर
मी माझा ओठ दुमडून दाखवला,
वर नवे दात टेकवले,
आणि तसाच थांबलो.
फोनला काय दिसणार.