पूर्ण रूप

सेमारांगच्या वॉर्ड ऑफिसात तीन नंबरची खिडकी माझी.
वर एसी गळतो, खाली मी.
अक्षरं गळत राहतात दिवसभर:
का-ते-पे आणलंत? का-का कुठाय?
एस-का-ते-एमशिवाय बे-पे-जे-एस होत नाही,
आधी एर-तेची सही, मग एर-वेचा शिक्का, पुढचे या.
एका दमात म्हणते.
परवा झोपेतही म्हणाले.
सकाळी आईनं विचारलं,
कुणाला शिव्या घालत होतीस गं?

आज कासिनेम नावाची म्हातारी आली.
गुडघ्यांना लवंगतेलाचा वास,
काखेत केळीच्या पानातलं कसलंसं पुडकं.
मी म्हणाले ते सगळं.
ती पेरांवर मोजत राहिली,
का... ते...
पुढचं पेर सापडेना.
मग खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाली,
"हे एर-ते नि एर-वे भाऊ-भाऊ का?
एकाची सही घेतली की दुसरा रुसतो?"
रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही.

म्हटलं, उलगडून सांगू हिला.
एस म्हणजे... का म्हणजे...
आणि मीच अडले.
अकरा वर्षं देतेय हा कागद.
आठवलं तेव्हा नको इतक्या मोठ्यानं बोलून गेले:
ऐपत नसल्याचा दाखला.
रांग गप्प.
मागचा हेल्मेटवाला उगीच मोबाइल बघू लागला.
म्हातारीनं पुडकं या काखेतून त्या काखेत घेतलं.
"असं होय," म्हणाली.
"मग तुझं ते चार अक्षरांचंच बरं."

अर्ज मीच भरला. सहीला जागा दाखवली,
तिनं अंगठा पुढे केला.
शाई पुसताना म्हणाली, "नाव काय तुझं?"
हार्मिनी.
"कुणाचा हार, कुणाची मिनी?"
इकडे जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही.
हार्सोनोचा हार. तुमिनीची मिनी.
"बाप काय करतो?"

बाताम बेटावर गेला, जहाजं बांधायला,
मी पहिलीत होते.
हे मी सांगितलं नाही.
म्हटलं, पुढचे या.

आमच्या घरच्या का-कात
कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात अजून त्याचंच नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
ते काढायला एक अर्ज लागतो, दोन सह्या,
आणि हा शिक्का,
जो रोज संध्याकाळी मीच
ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावते.