थांब्यावरची

रात्री साडेअकराला, कोपरखैरणेत,
शार्दूल झोपला की मी शहर उघडते.
लोकसंख्या एकसष्ट हजार दोनशे चार.
समाधान त्र्याऐंशी टक्के. कचरा शून्य.
रस्ते इतके सरळ, की वाटतं
कुणी कधी कुणाकडे वळलंच नसेल.

म्हणून जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल ठेवलं.
टेबल मिळालं 'बाग' या सदरात.
कपड्यांचं गाठोडं कुठेच नव्हतं,
मग बटाट्याचं पोतं छोटं केलं, निळं रंगवलं.
नाल्याच्या कठड्यावर जवळा निवडायला कुणी हवं होतं;
बसलेल्या माणसांत फक्त एक पर्यटक, गळ्यात कॅमेरा.
त्याला पाठमोरा केला. झाली शेवंताबाई.

यातलं काहीच खेळ मोजत नाही.
ही माणसं कर भरत नाहीत, आजारी पडत नाहीत,
गाड्या त्यांच्यातून आरपार जातात
आणि इस्त्रीची घडीसुद्धा मोडत नाही.

बाबा सिडकोत ट्रेसर होते.
सेक्टरच्या सेक्टर काळ्या शाईत ओढले त्यांनी.
झाडं म्हणजे गोल, आत कोरे.
एकदा घणसोली गावठाणाच्या कडेला
अशाच एका गोलाखाली त्यांनी खाट काढली,
मिलिमीटरभर, चारी पायांसकट.
साहेबांना ती भिंगाशिवाय दिसली.
"गांगण, ही खाट कुठल्या तरतुदीत बसते?"
बाबांनी ब्लेडने खरवडली.
तेवढाच कागद पातळ झाला,
उजेडाला धरला की तिथून जास्त दिसायचं.

मंगळवारी मी बसथांब्यावर एक बाई उभी केली.
हातात पिशवी, पिशवीत दुधी
(दुधी मी ठरवला, दिसत नाही).
बस येते, थांबते, जाते.
तिला चढता येत नाही,
ती थांब्याचाच भाग आहे, खांबासारखी.
बुधवारी उभी. गुरुवारी उभी.
शुक्रवारी ऐरोलीत, ऑफिसात, पगारपत्रकं जुळवताना
माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

त्या रात्री तिला पुसायला बोट नेलंही.
ब्लेड आठवलं म्हणून थांबले असं म्हणायला बरं वाटेल,
पण खरं तर शार्दूल उठून आला, पाणी मागत.
स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ही कुणाशी बोलतेय?"
"कुणाशीच नाही. बसची वाट बघतेय."
"मग तिचं तोंड का उघडंय?"
मी मोठं करून पाहिलं. खरंच, जरासं उघडं होतं.
चार दिवस.

दुसरी बाई ठेवली. जवळ, पण फार जवळ नाही.
सतरा अंश वळवली, पहिलीच्या दिशेनं.
बस आली, गेली,
आणि पहिल्यांदाच वाटलं
त्यांनी ती मुद्दाम सोडली.

समाधान अजून त्र्याऐंशीच.
शार्दूल कधीच झोपायला गेला.
त्याच्या पेल्याखाली, टेबलावर,
पाण्याचा एक गोल,
आत कोरा.