उरलेले

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी बारापात्रेच्या मागच्या शेडमध्ये
पहिला कूलर येतो, मग रांगच लागते.
नंदनवनात सकाळी नवालाच टिन तडतडू लागतं
आणि शकील ओरडतो, "पंखा तिकडं वळव बे,
टाका थंडा होऊन राहिला!"
एप्रिलमध्ये वारा परत पाठवणारा
अख्ख्या नागपुरात हा एकच माणूस.

गजभिये पोस्टातून सुटले आणि लाकडात अडकले.
नातीसाठी खुर्ची चालू आहे दिवाळीपासून;
नात वाढतेय, म्हणून पायही दोनदा वाढवून झाले.
बारापात्रेच्या कानशीला मूठ आहे
बापाच्या मागावरल्या धोट्याची,
घासताना ती अजून इकडून तिकडे
तशीच जाते.
त्याच्या बायकोचा मिक्सर तीन रविवार उघडा पडलाय.
स्वयंपाकघरातून खलबत्ता वाजतो,
गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

आणि फळीवर ती बरणी.
लोणच्याची होती, झाकण उघडलं की अजून मेथी येते.
कायदा एकच:
दुरुस्त करा, बंद करा, चालू करा,
आणि जे हातात उरेल ते बरणीत टाका.
कुठला, कशाचा, कोणी विचारायचं नाही.
"चालू झालं ना? मग तो कंपनीनं जास्तीचा देला होता."
इस्त्रीचे, रेडिओचे, शिलाई मशीनचे,
माझ्या स्कूटरचे चार
(स्कूटर विकली. घेणाऱ्याला मी अजून चुकवतो.)

धकाते मानेवाडा चौकात पडला होता, त्याचं सांगायचं राहिलं.
पायात पट्टी, सहा स्क्रू, दीड वर्ष.
मग डॉक्टरांनी सगळं काढलं
आणि तो रविवारी आला, काठी न घेता,
डोक्याचा दुपट्टा सोडला, घाम पुसला,
खिशातून दवाखान्याची पुडी काढली.
"हाड जुळलं. मी चालून राहिलो.
म्हणजे हे उरलेले."
आणि एकेक करून टाकले बरणीत.
सहा वेळा वाजलं.

खलबत्तासुद्धा थांबल्यासारखा वाटला.
शकीलनंच सोडवलं शेवटी,
"वॉरंटीत होता काय रे पाय?"
मग हसलो, सगळे, नको तितके,
आणि बारापात्रे उगाच व्हाइस पुसत बसला.

गजभियेंनी मात्र चष्म्यावर चष्मा चढवला,
एक स्क्रू उजेडात फिरवला,
लोहचुंबक लावून पाहिलं. धरत नाही.
"आटा पाहा. रुंद, खोल.
हा लोखंडासाठी नाहीच, हा तर लाकडाचा."
धकाते म्हणाला, "मायं हाड हाय ते."
"तेच म्हणतो."
साडेतीनची ॲलन की शोधण्यात अर्धा तास गेला
आणि दाराच्या सागवानी चौकटीत,
जिथं कधीपासून खिळा टिकत नव्हता,
तिथं तो असा बसला
की गजभियेंनी किल्ली काढून घेतल्यावरही
हात तिथंच ठेवला थोडा वेळ.

त्याला आता हूक आहे.
पिशव्या, दुपट्टे, एकदा कोणाची तरी छत्री.
धकाते स्वतः येतो, स्वतःच्याच स्क्रूला टोपी अडकवतो
आणि कामाला बसतो, विषय संपला.

परवा मात्र कूलरची टाकी उलटी करताना
हात रिकामे नव्हते, म्हणून मी
जड ड्रिल मशीन वायरनं तिथंच लटकवलं.
चौकट जराशी कुरकुरली.
धकाते पाठमोरा होता,
गवताची नवी ताटी जाळीत दाबत होता.
मागे न बघता त्याचा हात
नडगीवर गेला, दोनदा चोळून आला.
"हलकं काही टांग बे," म्हणाला,
आणि ताटी दाबत राहिला.