गैरहजेरीचा तक्ता

रात्री दीडला, ग्रिम्सबीच्या वृद्धाश्रमात,
मशीन चादरी घुसळत असतं तेव्हा
अडवोआ आणि मी फॉर्म भरायला बसतो.
टाइप मी करते. आठवायचं काम तिचं.

गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस?
गेल्याची तारीख, आल्याची तारीख, कारण.
जायचा दिवस धरायचा नाही, यायचाही नाही,
मधले तेवढे मोजायचे.

बिस्किटांच्या डब्यातून तिने बोर्डिंग पासांचे तुकडे काढले,
शाई उडालेले, पांढरेफटक.
मग फोनमधले फोटो:
कुमासीतलं हे लग्न नक्की कुठल्या जुलैतलं?
भाचीच्या दातांवरून साल ठरलं,
पुढचे दोन पडलेत, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीचं.

मार्चमधले नऊ दिवस मात्र तोंडपाठ.
कारणाच्या चौकटीत मी टाइप केलं, अंत्यविधी.
"खोड ते," ती म्हणाली.
"आमच्यात आधी आठवडा, मग चाळिसावा, मग वर्ष.
मी आठवड्यालाच परतले, रजा तेवढीच होती.
अर्ध्यावर सोडून आले त्याला अंत्यविधी नको म्हणू.
कुटुंबाची भेट लिही."
लिहिलं.

चौदा नंबरची घंटा वाजली.
चौदामध्ये आर्थर पाउजर, नव्वदीला टेकलेले,
एके काळचे मासेमारी जहाजावरचे खलाशी.
पाणी मागतात, पाणी आणलं की गोष्ट सांगतात.

हिला मी ओळखतो, असं सही करून सांगणारी
दोन माणसं लागतात.
एक हुद्द्याचा हवा, तो पायांचा डॉक्टर झाला.
दुसरा पासपोर्टवाला.
"चार वर्षं जी मला अंघोळ घालते
तिला मी नाही तर कोण ओळखणार?"
म्हाताऱ्याने महिनाभर आधीच ठणकावलं होतं.

"पासपोर्टचा नंबर सांगा," मी म्हटलं.
आर्थर गप्प.
पासपोर्ट कधी काढलाच नव्हता.
आइसलँड, बेअर आयलंड, नॉर्वेचा पार वरचा किनारा,
खलाशाचं पुस्तक असलं की झालं.
एकवीस दिवस पाण्यात, तीन घरी,
पुन्हा एकवीस.
थोरली झाली ते त्यांना बिनतारी संदेशातून कळलं,
दोरावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडत असताना.

मला आता मोजायची खोडच लागली होती.
वर्षाला तीनशेच्या वर.
साडेचारशेची जी मर्यादा पाच वर्षांना
ती यांनी दीड वर्षातच ओलांडली असती.
"म्हणजे मला नसतं घेतलं?"
"नसतं," अडवोआ म्हणाली, उशी सारखी करत.
ते इतके हसले
की कवळी हातात घ्यावी लागली.

सही शेवटी स्वयंपाकघरातल्या मॉरीनने दिली.
तिचा पासपोर्ट एकदाच वापरलेला, बेनिडॉर्मला,
तेही पाठ भाजली म्हणून चौथ्या दिवशी परत.

चारित्र्याच्या पानावर अडवोआ अडली.
आपल्याविरुद्ध जाईल असं काही आहे का?
बराच वेळ विचार करून म्हणाली,
"चौदा नंबरला मी साखरेचा दुसरा चमचा देते."
"ते विचारत नाहीत," मी म्हटलं.
"मग ठीक," ती म्हणाली, पण तिला ते पटलं नसावं.

फी भरली. शंभरावर तासांच्या चादरी, एका बटणात.

मला शाळेतला पट आठवत होता:
नाव पुकारलं की हजर म्हणायचं,
आणि कुणी आलेला नसला
तर मागच्या बाकावरून दुसराच कुणी
त्याच्या आवाजात ओरडायचा.
तिला सांगितलं.
ती म्हणाली, चाळिसाव्याला बहिणीने
माझी खुर्ची मांडली होती, लाल-काळं कापड टाकून.
लोक येऊन तिच्याशीही हात मिळवून गेले म्हणे.

"एकूण किती झाले?"
"एकशे बारा."
"पुन्हा बघ."
पुन्हा मोजले. एकशे बाराच.
तेवढ्यात मशीन थांबलं,
आणि आम्ही उठलो. चादरी गरम होत्या तोवर
घड्या बऱ्या पडतात.